चौफेर नजर आणि शेजाऱ्याचा पडदा

गुडघेदुखीमुळे कित्येक वर्षांत गच्चीवरही न गेलेल्या नानीच्या हातात नातू मोबाईल देतो. ती जागेवरच हळूहळू वळते, तसे बालाघाटाचे डोंगर, योगेश्वरीचे शिखर, मशिदीचे मिनार आणि तिच्या माहेरचा मोहल्ला एकामागून एक समोर येतात. मोबाईल खाली झुकवला की मैदान, वर धरला की आभाळ. एकेकाळच्या मोमिनाबादचे, आजच्या अंबाजोगाईचे असे चौफेर चित्र आता साध्या ड्रोनने काढता येते.

ही हौस जुनीच आहे. 1906 साली भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचे विस्तीर्ण छायाचित्र जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांच्या माळेला कॅमेरा बांधून, सुमारे 2000 फुटांवरून घेतले होते. आज ते काम पाव किलोचा ड्रोन करतो.

चौफेर चित्र म्हणजे एक फोटो नव्हे. ड्रोन हवेत एका जागी थांबून स्वतःभोवती फिरतो आणि साधारण 25 ते 35 फोटो घेतो: एक रांग क्षितिजाची, एक तिरपी, शेवटी सरळ खालचे. प्रत्येक फोटोचा काही भाग शेजारच्या फोटोत यावा लागतो. त्यावरूनच सॉफ्टवेअर सांधे जुळवते. बहुतेक छोट्या ड्रोनचा कॅमेरा डोक्यावरचे आभाळ पाहू शकत नाही. तेवढी जागा सॉफ्टवेअर भरून काढते.

चांगल्या चित्रासाठी तीन गोष्टी पाळाव्यात. प्रकाशाचे माप आणि रंगाचा समतोल एकदा ठरवून तसाच ठेवावा, नाहीतर आभाळात पट्टे दिसतात. पाण्याची टाकी, मिनार, झाड यांच्यापासून लांब राहावे. जवळच्या वस्तूंचे सांधे तुटतात. वारा कमी असावा आणि सूर्य थोडा वर आलेला असावा. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ आणि डोंगर हिरवे असताना चित्र उत्तम येते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. साध्या फोटोत नको ते चौकटीबाहेर ठेवता येते. चौफेर चित्राला बाहेर अशी जागाच नसते. गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण, अंगणात बसलेल्या सुना, सगळेच त्यात येते. परक्या घरात परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, असा आदेश सूरह नूरमध्ये आहे. नजर झुकवण्याचा आदेशही त्याच सूरहमध्ये आहे. पाऊल दाराशी थांबवायचे आणि कॅमेरा मात्र वरून अंगणात न्यायचा, हे कसे चालेल?

म्हणून दाट वस्तीवर ड्रोन थांबवण्यापेक्षा गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावरून चित्र घ्यावे. शेजारपाजाऱ्यांना आधी सांगावे. 20 मीटरवरून चेहरे ओळखू येतात; 100 मीटरवरून माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. तरीही एखादी गच्ची स्पष्ट दिसलीच, तर ती धूसर करूनच चित्र पुढे पाठवावे. फोटोत ठिकाणाची नोंदही दडलेली असते, तीही काढून टाकावी. ईदच्या नमाजच्या वेळी ईदगाहवर ड्रोन उडवण्याचा मोह टाळावा. बॅटरी किंवा पंख्याने दगा दिला, तर तो सजद्यात झुकलेल्या माणसांवर पडेल.

कायदाही माहीत हवा. ड्रोन नियम, 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. हौसेसाठी हे दोन्ही उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पण उडवण्याआधी सरकारी नकाशा पाहावा आणि पोलीस ठाण्यात चौकशी करावी. हत्तीखान्यासारख्या पुरातन लेण्यांजवळ जायचे, तर संबंधित खात्याला आधी विचारावे.

एवढी काळजी घेऊन काढलेले चित्र नानीच्या हातात द्यायला संकोच वाटत नाही. आणि तेच चित्र शेजारच्या खालांनाही दाखवता येते.