नाव टाकून मिळेल

लग्नसराईत कन्नडच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबलं, की एक किरकिर कानावर येते. हातात धरायचं छोटं विजेचं मशीन, त्याची थरथरणारी सुई, आणि स्टीलच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यानं उमटत जाणारी अक्षरं: कुणाकडून, कुणाला, कोणत्या तारखेला, 'सप्रेम भेट'. आपल्याकडच्या घरांत मांडणीवरची भांडी नुसती वाचली तरी सगळ्या सोयरिकी कळतात. मामानं दिलेला हंडा, मावशीकडची परात, शेजारच्या आळीनं मिळून दिलेला तांब्या.

ही सवय मुद्दाम आधी सांगितली. घरच्या घरी लेसर मशीन घेऊन काही सुरू करावं असं मनात असलेल्या तरुण-तरुणींना पहिली भीती गिऱ्हाइकाची असते. वस्तूवर नाव हवं असणारं गिऱ्हाईक या तालुक्यात नव्यानं घडवावं लागत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाकडावर, चामड्यावर, रंगीत बाटलीवर तेच नाव सुबक उमटू शकतं, एवढंच त्याला दाखवायचं आहे.

आता मशीनविषयी. टेबलावर मावणारी चौकट, तिच्यावर मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकणारं डोकं, त्या डोक्यात निळा प्रकाश फेकणारा डायोड. साधारण 450 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा हा झोत एका बारीक टिंबावर एकवटतो आणि तिथला पृष्ठभाग जळतो. संगणक सांगेल त्या रेषेवरून हे टिंब फिरत राहतं. घरगुती धंद्याची सुरुवात बहुतेक याच मशीननं होते, कारण ते सगळ्यांत स्वस्त आहे. त्याच्या वरची पायरी कार्बन डायऑक्साइड लेसरची. पारदर्शक ॲक्रिलिक कापायचं तर हाच लागतो, कारण निळा झोत काचेतून जावा तसा त्यातून आरपार निघून जातो. तिसरा फायबर लेसर, धातूवर लिहिणारा. म्हणजे आपल्या त्या भांड्यांवर लेसरनं नाव टाकायचं तर फायबरच हवा. उघड्या स्टील-पितळेवर डायोडचं काम मनासारखं होत नाही. ही गोष्ट मशीन घेण्याआधी माहीत असावी. जाहिरातीत चकचकीत स्टील बघून पैसे भरलेले अनेक जण पुढे हळहळतात.

यातल्या कार्बन डायऑक्साइड लेसरशी आपलं नातं आहे. 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तो शोधून काढणारे सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म 1938 साली बारामतीत झाला आणि इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी पुण्याच्या सरकारी कॉलेजात, आजच्या सीओईपीत, 1958 साली घेतली. थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर 1960 मध्ये चमकवला, त्यानंतर चारच वर्षांत. आज गावोगावच्या फ्लेक्स-ॲक्रिलिकच्या दुकानांत कापणीचं जे मशीन चालतं, त्याचं मूळ बारामतीच्या या माणसाच्या कामात आहे. शाळेतल्या मुलांना हे सांगायला हवं असं मला फार वाटतं.

खरेदी करताना वॅटचा आकडा नीट विचारावा. खोक्यावर छापलेले 40 वॅट पुष्कळदा मशीन ओढत असलेल्या विजेचे असतात आणि प्रत्यक्ष झोत पाच वॅटचाच निघतो. 'ऑप्टिकल पॉवर किती?' हा एकच प्रश्न विचारायचा. कोरीव कामाला पाच वॅट चालतात. तीन मिलिमीटरचं प्लायवुड किंवा एमडीएफ कापायचं असेल, तर दहा किंवा त्याहून जास्त वॅटचा डायोड आणि झोताच्या टोकाशी हवा फुंकणारा पंप घ्यावा. हवेमुळे धूर बाजूला होतो आणि कड काळी पडत नाही.

धंदा जमतो की फसतो, हे मात्र वॅटवर ठरत नाही, वेळेच्या हिशेबावर ठरतं. समजा, 15 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच लाकडी पाटीवर पूर्ण भरलेलं चित्र कोरायचं आहे. दोन रेषांत दशांश मिलिमीटर अंतर ठेवलं, तर 10 सेंटिमीटर उंचीत 1,000 रेषा बसतात. प्रत्येक रेष 150 मिलिमीटरची, म्हणजे डोक्याला एकूण 150 मीटर चालायचं आहे. मिनिटाला 3,000 मिलिमीटर हा वेग धरला तर 50 मिनिटं झाली, शिवाय दर रेषेच्या टोकाला वळण्याचा वेळ वेगळा. म्हणजे एका पाटीला जवळपास तास. तीच पाटी नुसत्या बाह्यरेषेनं काढली, तर काही मिनिटांत उतरते. पाटीचा भाव 'लाकूड इतक्याचं, वर थोडा नफा' असा लावणाऱ्याचा दिवस संपतो आणि हातात मजुरीही उरत नाही. भाव मशीनच्या तासाला लावायचा. वीज फारशी लागत नाही. 100 वॅट ओढणारं मशीन दहा तास चाललं तर एक युनिट होतं. महाग पडतो तो तुमचा बसलेला वेळ. त्यामुळे नक्षी निवडतानाच कमी भरीव आणि जास्त रेषेची निवडावी. गिऱ्हाइकालाही ती बरेचदा जास्त आवडते.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मोठ्या शहरातले ऑनलाइन विक्रेते इंग्रजी नाव सुरेख कोरून पाठवतात, मराठी नावाला हमखास गोंधळ होतो. 'कुऱ्हाडे'मधला ऱ्ह सुटा पडतो, 'सूर्यवंशी'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'ल' हिंदी वळणाचा येतो. कन्नडच्या मुलाला किंवा मुलीला हे चुकलेलं लगेच दिसतं, आणि इथेच त्यांचा हात वरचढ आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दुसऱ्या संगणकावर नेलं की अक्षरांचा खिमा होतो, म्हणून युनिकोड फॉन्ट वापरावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहायचं, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची, मग मजकुराचं रेषेत रूपांतर करायचं आणि तेव्हाच फाइल लेसरच्या सॉफ्टवेअरकडे द्यायची. अक्षर फार बारीक घेतलं तर अनुस्वार आणि रफार जळून एकमेकांत मिसळतात. नाव आरपार कापून काढायचं असेल, तर शिरोरेषा सगळी अक्षरं धरून ठेवते, पण अनुस्वार सुटून खाली पडतो. त्याला बारीक दांडीनं रेषेशी जोडून द्यावं लागतं. ही दांडी ओंगळ दिसू नये, यातच हाताची सफाई.

चालू करण्याआधी गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर नमुना पाठवून 'बरोबर आहे' असं लेखी उत्तर घ्यावं आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. 'निलेश' की 'नीलेश', 'स्मिता' की 'स्मीता', हे घरचीच माणसं सांगू शकतात. जळलेलं लाकूड परत कोरं होत नाही.

नव्या लाकडावर पहिल्यांदाच खरं काम चढवू नये. त्याच लाकडाच्या तुकड्यावर चौकोनांची जाळी काढायची, आडव्या ओळीत वेग बदलत जायचा, उभ्या ओळीत शक्ती. दहा मिनिटांत कळतं की सागवानावर कोणता चौकोन तांबूस उमटतो आणि कोणता कोळशासारखा होतो. त्या तुकड्यावर तारीख आणि लाकडाचं नाव लिहून तो भिंतीला टांगून ठेवावा. वर धुराचे डाग बसू नयेत म्हणून कागदी मास्किंग टेप चिकटवून कोरतात आणि मग सोलून काढतात. लाकूड गावातल्या सुताराकडे उरलेल्या तुकड्यांत मिळतं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य शेजारी असलं तरी तिथलं एक ढलपीही आणायची नाही.

एका बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. रेक्झिन, विनाइल, पीव्हीसीची शीट यांवर लेसर चालवायचा नाही. त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो, फुप्फुसं जळतात, मशीनही गंजतं. बाजारात 'लेदर' म्हणून मिळणारी बरीच पाकिटं रेक्झिनचीच असतात, तेव्हा खात्री नसेल तर ऑर्डर परत करावी. झोताचं परावर्तन क्षणात डोळ्याचा पडदा जाळू शकतं. म्हणून 450 नॅनोमीटरसाठी बनवल्याचं स्पष्ट छापलेला चष्मा घालायचा, आणि घरात लहान मुलं असतील तर मशीनला झाकणाचं कव्हर घ्यायचं. धूर नळीनं घराबाहेर सोडायचा, माजघरात नव्हे. आणि मशीन चालू असताना चहा टाकायलाही उठायचं नाही. लाकूड पेटायला एक अडकलेली वायर पुरते. शेजारी अग्निशामक नळकांडं हवंच.

विकायचं काय? रुखवतातल्या पाट्या, शाळांची आणि ग्रामपंचायतींची सन्मानचिन्हं, ट्रॅक्टरच्या किल्लीला लावायचे गोफ, घराच्या पाट्या. पाट्यांना सध्या वेगळं निमित्त आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राज्यानं ठरवला, आणि दारावरच्या पाटीवरही आईचं नाव यावं असं वाटणारी घरं वाढत आहेत. रबरी शिक्केही डायोड लेसरवर छान होतात. मात्र सरकारी पदाचा शिक्का कुणी मागितला तर कार्यालयाचं पत्र हातात आल्याशिवाय काम घेऊ नये. खोटा शिक्का बनवणं गुन्हा आहे.

माझ्या मते इथे सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेली वस्तू मात्र याच तालुक्याच्या डोंगरात आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेला बुटका, हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कान्हदास, व्यवसायानं सोनार. तिथल्याच खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याच्या घराण्याचं दानही लिहून ठेवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथे नाव कोरून घेणारा होता आणि कोरणाराही होता. लेण्याच्या पायथ्याची हत्तींची ओळ, तो यक्ष, यांची स्वतः काढलेली रेखाचित्रं लाकडी चकतीवर उतरवली, तर वेरूळला येणाऱ्या पाहुण्याला नेण्याजोगी, इथली म्हणून ओळखता येईल अशी वस्तू मिळेल. दुसऱ्याची चित्रं, सिनेमातली पात्रं, क्रिकेट संघांची चिन्हं उचलण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कायद्यानंही आणि मनानंही.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, आधार आणि पॅन पुरतात, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नयेत. मुद्रा योजनेतल्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, सुरुवातीच्या मशीनला तेवढं बहुतेक पुरतं. मोठी उडी घ्यायची असेल, तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्र गाठावं. जीएसटीची मर्यादा वस्तूंसाठी वर्षाला 40 लाखांची, सेवांसाठी 20 लाखांची आहे. गिऱ्हाइकाच्याच वस्तूवर नाव टाकून देणं ही सेवा ठरते, हे लक्षात असू द्यावं. परराज्यात माल पाठवायचा असेल तर आधी सीएला विचारावं.

सुरुवात केव्हा करावी, असं कुणी विचारलं तर मी दिवाळीनंतर लगेच असं सांगेन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण एकदम पन्नास-साठ नग घेतात, तेही रथसप्तमीपर्यंत. सगळ्या नगांवर एकच नक्षी असली की एक जाळी मांडून मशीन सलग चालवता येतं, सारखी फाइल बदलावी लागत नाही. त्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन नमुने कापून भिशीच्या बैठकीत हातोहात फिरवावेत, आणि एमडीएफच्या शीट तेव्हाच आणून ठेवाव्यात.