१९४३ चा पोलादी सेंट: विकण्याआधी चुंबक लावा

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या चिल्लरीत १९४३ सालचा पांढुरका सेंट सापडला की लोक लगेच विचारतात, "लाखाचा आहे का हो?" नाही. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी तांबं लागत होतं, म्हणून त्या एका वर्षी अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडले. तेही थोडेथोडके नाहीत, शंभर कोटींहून जास्त! (आपल्याकडचा भोकाचा पैसाही त्याच साली आला, धातू वाचवायलाच.)

त्यामुळे वापरून काळवंडलेल्या, कडेला गंजलेल्या नाण्याचे काही सेंटच मिळतात. कोरं, करकरीत असेल तर थोडे डॉलर. फार चकाकत असेल तर मात्र जपून, कारण जुन्या नाण्यांवर नव्याने मुलामा चढवून विकणारे पुष्कळ आहेत.

खरा खजिना उलटाच आहे. १९४३ साल असलेले तांबूस, म्हणजे ब्राँझचे सेंट चुकून पडले, तेही मोजकेच. डेन्व्हर टांकसाळीतला असा एक सेंट २०१० मध्ये १७ लाख डॉलरला विकला गेला. म्हणून नकलाही ढीगभर. चुंबकाला चिकटला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. नाही चिकटला तर भिंगाखाली ३ चा आकडा बघा, बऱ्याचदा तो १९४८ चा ८ कोरून केलेला असतो. वजन साधारण ३.११ ग्रॅम हवं, पोलादी सेंट २.७ चाच भरतो.

आणि कृपा करून चिंच-पितांबरी लावू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत.