बारा महिने काम, तीन महिने शाळा

परवा गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, सही येते तेवढं पुरे. या वयात मी काय वाचायला शिकणार?" तेव्हा मला वेल्सची गोष्ट आठवली. वेल्स म्हणजे इंग्लंडला पश्चिमेकडे लागून असलेला छोटा डोंगराळ देश. भाषा वेल्श. काळ अठराव्या शतकातला, आपल्याकडे पेशवाई होती तेव्हाचा.

तिथल्या बायकांचं वर्ष कामात जाई. मे उजाडला की डोंगरभागात गुरं वरच्या कुरणांवर न्यायची, तिथल्या उन्हाळी घरात राहायचं, धारा काढायच्या, लोणी आणि चीज करायचं. मग गवत कापणी, पाठोपाठ पिकाची कापणी. नोव्हेंबरला हिवाळा लागला की गुरं खाली यायची. उत्तरेकडे बाला गावाच्या आसपास शेजारीपाजारी रात्री एकाच घरी जमून लोकरीचे मोजे विणत. चूल आणि दिवा एकाच घरचा जळे, बाकीच्यांची बचत!

या वर्षात शाळा बसवायची कुठे? ग्रिफिथ जोन्स नावाच्या धर्मगुरूंनी १७३१च्या सुमारास कार्मार्थनशायर भागात फिरत्या शाळा सुरू केल्या. शेतीची कामं कमी असताना मास्तर गावात येई, साधारण तीन महिने शिकवी आणि पुढच्या गावी जाई. दिवसा जमत नसे त्यांच्यासाठी रात्रीचा वर्ग. सहा वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे एकत्र शिकत. (आमच्याकडे ऐन सोयाबीन काढणीत प्रशिक्षण ठेवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.)

आणि शिकवणं वेल्शमधून. त्याआधीच्या बऱ्याच धर्मादाय शाळांत इंग्रजी घोकून घेत, मुलांना अर्थ कळत नसे. वेल्श बरीचशी आपल्या मराठीसारखी, जशी बोलावी तशी लिहावी. त्यामुळे अक्षरं ओळखली की वाचन लवकर येई. मात्र फक्त वाचायलाच शिकवत, तेही बायबलसाठी. लिहायला नाही. हे मला खटकतं.

पैसा कुठून येई? देणग्यांतून, आणि त्यात मोठा हात ब्रिजेट बेव्हन या श्रीमंत बाईंचा. लोक त्यांना मॅडम बेव्हन म्हणत. १७६१मध्ये जोन्स वारले, तोवर तीन हजारांहून जास्त शाळा भरून गेल्या होत्या. पुढची अठरा वर्षं सगळा कारभार बाईंनी एकटीने ओढला.

१७७९च्या डिसेंबरात त्या गेल्या. मृत्युपत्रात शाळांसाठी दहा हजार पौंड ठेवले होते, त्या काळी प्रचंड रक्कम. पण नात्यातल्याच बाईने मृत्युपत्राला हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेलं, शतक संपलं तरी पैसा तिथेच अडकलेला. मास्तरांना पगार कोण देणार? फिरत्या शाळा बंद पडल्या.

ज्या वाचायला शिकल्या होत्या, त्यांचं वाचन मात्र कोर्टाला अडवता आलं नाही. मावशींना मी एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढणी होऊ दे, मग बघू."