गप्प बसण्याचे अर्थ

न बोलणे ही वरवर पाहता अगदी साधी गोष्ट. तोंड मिटले की झाले! पण या एका गोष्टीसाठी आपल्या मराठीने किती शब्द राखून ठेवले आहेत पाहा. साधक पाळतो ते मौन. हा शब्दच मुळी 'मुनी' या शब्दावरून आला. भावाभावांचे बिनसले की धरतात तो अबोला. सगळे ठाऊक असूनही भीतीने किंवा सोयीने जो बोलत नाही, तो मूग गिळून बसतो. चारचौघे मिळून एखादी गोष्ट दडवतात, ती अळीमिळी गुपचिळी. कडक मास्तरांच्या वर्गात मुले असतात चिडीचूप, आणि सासुरवाशीण सोसते ते निमूट.

एवढे शब्द का लागले, हे उघड आहे. तोंड सगळ्यांचे सारखेच मिटते, पण त्यामागचे मन प्रत्येकाचे निराळे असते. बोललेल्या शब्दाचा अर्थ कोशात सापडेल. न बोललेल्याचा अर्थ मात्र माणूस, वेळ आणि प्रसंग पाहूनच लावावा लागतो. आणि तो लावताना आपण हटकून एकाच ठिकाणी चुकतो. समोरचा गप्प आहे, म्हणजे त्याला मान्य आहे, असे आपण धरून चालतो. 'मौन म्हणजे संमती' हे वचन आपल्या फारच सोयीचे आहे!

महात्मा गांधी दर सोमवारी मौन पाळीत. २ जून १९४७ हा असाच एक सोमवार. फाळणीच्या योजनेसंबंधी ते व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्या भेटीला गेले, पण तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहून त्यांनी आपले म्हणणे कळवले. फाळणी गांधीजींना मनापासून नको होती, हे जगजाहीर होते. मग त्या दिवशीच्या मौनाला कोणी संमती म्हणेल काय?

हा प्रश्न कोर्टकचेरीतही आला आहे. १८६२ सालचा इंग्लंडातला एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. फेल्टहाउस नावाच्या चुलत्याला आपल्या पुतण्याचा घोडा हवा होता. त्याने पुतण्याला पत्र धाडले. पत्राचा आशय असा, की तुझ्याकडून काही कळले नाही, तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर पाठवले नाही. खरे म्हणजे मनातून त्याला घोडा द्यायचा होता. लिलाव करणाऱ्याला त्याने तो बाजूला ठेवायलाही सांगितले होते. तरी चुकीने घोडा लिलावात गेला. चुलत्याने लिलाव करणाऱ्यावर दावा लावला, आणि तो हरला. पुतण्याने आपला होकार चुलत्याला कळवलाच नव्हता, तेव्हा सौदा झालाच नाही, असा निकाल पडला. उत्तर न देण्यालाच होकार ठरवण्याचा अधिकार विचारणाऱ्याला नाही, हे त्यातले सार.

घोड्याची गोष्ट परमुलखातली, पण जमिनीची गोष्ट आपल्या घरातली आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची वेळ येते. माहेरी आलेल्या बहिणीला विचारतात, "ताई, तुझं काय म्हणणं?" ती पदराशी चाळा करीत खाली पाहत राहते. लगेच भाऊ म्हणतो, "ताईची काही हरकत नाही." तिच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करा. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, दिवाळीला भाऊ न्यायला येणार नाही, ही धास्ती तिथे नसेल कशावरून? हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली देशभर लागू झाली. तो हक्क सोडायचा तर रीतसर नोंदवलेले हक्कसोडपत्र लागते. तिच्या गप्प राहण्याने तो सुटत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनाही हा अनुभव रोजचाच आहे. धडा संपवून आपण विचारतो, "समजलं का?" वर्ग गप्प. आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांतली प्रश्नोत्तरे ध्वनिफितींवर घेऊन तपासली आणि आपले निष्कर्ष १९७०च्या दशकात मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हेच थांबणे तीन सेकंदांच्या वर नेले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, मागे राहणारी मुले बोलू लागली, आणि मुले आपण होऊन प्रश्नही विचारू लागली. म्हणजे ज्याला आपण 'येत नाही' समजत होतो, तो कित्येकदा चाललेला विचार होता. आपणच तो मध्ये तोडत होतो.

ग्रामसभेतही असेच घडते. ठराव वाचतात, "कुणाची हरकत?" असे विचारतात, मागे बसलेल्या बायाबापड्या बोलत नाहीत, आणि ठराव एकमताने मंजूर! महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर न ठेवता खरोखर भरवली, तर या गप्प राहण्याला वाचा फुटेल.

मग आपण करावे काय? विचारल्यावर थोडे थांबावे. 'हो' म्हणायला जेवढी मोकळीक देतो, तेवढीच 'नाही' म्हणायलाही द्यावी. चारचौघांत जो बोलत नाही, त्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारावे. इतके करूनही माणूस गप्पच राहिला, तर उत्तर अजून आलेले नाही एवढेच समजावे. आपल्या सोयीचे उत्तर त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.