फुटपाथवरची दुर्बीण

रात्री कामावरून परतताना फुटपाथवर कुणी भली मोठी नळी लावून उभा असेल आणि "या, शनी बघा" म्हणाला, तर आपला पहिला प्रश्न ठरलेला : पैसे किती? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात जॉन डॉब्सन नावाचे गृहस्थ असेच कोपऱ्यावर उभे राहत. पैसे घेत नसत. तुम्ही कोण, किती शिकलात, हेही विचारत नसत.

डॉब्सन यांचा जन्म १९१५ साली बीजिंगमध्ये झाला. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर १९४४ साली ते वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी झाले. हाती पैसा नाही, पण आकाश बघण्याची ओढ दांडगी. जुन्या जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवायची, दुसऱ्या काचेवर पाणी व कार्बोरंडमची पूड घालून ती तासन्‌तास घासायची, म्हणजे खोलगट आरसा तयार होतो. नळी पुठ्ठ्याची, काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात तीच. खाली प्लायवुडचे खोके. दुर्बीण वर-खाली, डावी-उजवीकडे हाताने फिरते. सुतारकाम येणाऱ्याला यात अवघड काही नाही.

मठाला हा नाद पसंत नव्हता. म्हणून मित्रांच्या पत्रांत दुर्बिणीला 'जिरेनियमचे झाड' म्हणत. आरशाला ॲल्युमिनियमचा मुलामा चढला की 'झाडाला फूल आले'! १९६७ साली डॉब्सनना मठ सोडावा लागला.

पुढची गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. डॉब्सनकडे शिकलेल्या एका मुलाने १२ इंची दुर्बीण घडवली, पण वय लहान म्हणून तिथल्या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेत त्याला सभासद करून घेईनात. तेव्हा १९६८ साली डॉब्सन आणि दोन विद्यार्थ्यांनी स्वतःचीच संघटना काढली, 'सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स'. साइडवॉक म्हणजे फुटपाथ. सभागृह नको, सभासदत्वाची अट नको. रस्त्यावरून जाईल तो आपला.

या दुर्बिणीचे पेटंट डॉब्सननी घेतले नाही. आज जगभर 'डॉब्सोनियन' नावाने ती बनते, महाराष्ट्रातल्या आकाशदर्शनातही दिसते. विश्वाच्या उत्पत्तीविषयीची त्यांची मते बहुतेक शास्त्रज्ञांनी मानली नाहीत, आणि ते योग्यच झाले. पण २०१४ साली ९८व्या वर्षी ते वारले, तोवर असंख्य लोकांनी त्यांच्या नळीतून पाहिले होते.

शनीची कडी प्रथम पाहणारा माणूस हमखास विचारतो, "आत चित्र चिकटवलंय का?" आपल्याकडे तर साडेसातीच्या धाकाने शनीला तेल वाहणारे घरोघरी. त्यांनी एकदा डोळा लावून बघावे. बर्फाच्या तुकड्यांची कडी असलेला तो एक ग्रह आहे, कुणाच्या नोकरीवर वा लग्नावर त्याची नजर नाही.

आपल्या भागात आकाशदर्शन असेल तर पोरांना घेऊन जा, आजीलाही न्या. चंद्र पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास पाहावा. तेव्हा विवरांच्या सावल्या ठसठशीत दिसतात. पोराला उचलून धरा, पण नळीला हात लागू देऊ नका, नाहीतर ग्रह निसटतो. खास फिल्टर नसताना दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये, डोळा जाईल. आणि चंद्र उलटा दिसला तर घाबरू नका, अशा दुर्बिणीत तो तसाच दिसतो.