राष्ट्रपतींना गुण देताना

प्रतिभा पाटील २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. कारकीर्द सुरू होण्याआधीच तिचे निकाल लागलेले होते. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या, १९६२ साली जळगावातून आणि पुढे चार वेळा एदलाबादेतून (आजचे मुक्ताईनगर) आमदार झालेल्या नेत्या राष्ट्रपती भवनात गेल्या, याचा जळगाव-धुळ्याला अभिमान होता. विरोधकांच्या लेखी मात्र ती पक्षनिष्ठेची बक्षिसी होती. मतमोजणीत त्यांच्या बाजूने ६,३८,११६ मतमूल्य पडले, तर प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मिळाले. शिवसेना भाजपसोबत असूनही मराठी उमेदवार म्हणून पाटील यांच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे माजी राष्ट्रपतींची तुलना करताना पक्षाच्या प्रेमाइतकेच मातीचे प्रेमही बाजूला ठेवावे लागते, आणि खान्देशातल्या वाचकाला हे दुसरे काम अधिक जड जाते.

अशा तुलनेची जुनी परंपरा अमेरिकेत आहे. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी १९४८ मध्ये ५५ जाणकारांची मते घेऊन तिथल्या राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी 'लाइफ' साप्ताहिकात मांडली. त्यांच्याच १९६२ च्या पाहणीत आयझेनहॉवर बाविसावे आले. पुढे त्यांच्या काळातली कागदपत्रे खुली झाली, शांत दिसणारा हा माणूस पडद्याआड किती निर्णय घेत होता हे कळले, आणि सी-स्पॅन वाहिनीच्या २०१७ च्या पाहणीत ते पाचव्या क्रमांकावर पोचले. याच वाहिनीच्या पाहण्यांत ग्रँट २००० मधल्या ३३ व्या स्थानावरून २०२१ मध्ये २० व्या स्थानी चढले, तर जॅक्सन १३ वरून २२ वर उतरले. कृष्णवर्णीयांचे हक्क आणि मूळ रहिवाशांचे विस्थापन यांना मूल्यमापनात वजन आल्याचा त्यात मोठा वाटा आहे. प्राध्यापकवर्गाचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे असल्याने या याद्या एकांगी ठरतात, असा आक्षेप सातत्याने घेतला जातो. त्यावर सी-स्पॅनने काढलेला तोडगा असा की एकच ठोकळ क्रमांक मागायचा नाही. जनमत वळवण्याची ताकद, संकटातले नेतृत्व, अर्थकारण, नैतिक अधिकार, सर्वांना समान न्याय अशा दहा कसोट्यांवर वेगवेगळे गुण घ्यायचे. त्यामुळे पक्षपात नाहीसा होत नाही, पण तो कोणत्या रकान्यात शिरला ते दिसते.

या दहा कसोट्या जशाच्या तशा दिल्लीला लावल्या तर अन्यायच होईल. अमेरिकी अध्यक्ष स्वतः राज्य चालवतो. भारताच्या राष्ट्रपतींना संविधानाच्या कलम ७४ नुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे लागते. तो सल्ला बंधनकारक असल्याचे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने स्पष्ट केले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. म्हणून महागाई, युद्ध किंवा विकासदर यांचे श्रेय-अपश्रेय राष्ट्रपतींच्या खात्यावर टाकता येत नाही. विधेयक परत पाठवणे, त्रिशंकू लोकसभेत कोणाला बोलावायचे ते ठरवणे, राज्य सरकार बरखास्तीच्या शिफारशीवर थांबणे, दयेच्या अर्जांवर निर्णय घेणे, एवढ्याच मोजक्या जागी त्यांचा हात दिसतो. गुण द्यायचे ते तिथेच.

पक्षपाताची सर्वांत चांगली परीक्षा के. आर. नारायणन यांच्या कारकिर्दीत सापडते. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशातले कल्याणसिंह यांचे भाजप सरकार बरखास्त करण्याची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठवली. पुढच्याच वर्षी वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली, तीही परत गेली. दोन विरोधी सरकारांना एकच माप लावले गेले. फक्रुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. कोणत्याही पक्षाच्या चष्म्यातून पाहिले तरी हा डाग पुसता येत नाही. लोकप्रियतेत सर्वांत पुढे असलेले अब्दुल कलाम यांचा हिशेब मिश्र आहे. लाभाच्या पदाचे विधेयक त्यांनी २००६ मध्ये परत पाठवले, पण २००५ साली बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या शिफारशीवर मॉस्कोतून तातडीने सही केली, आणि ते विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. लोकांचे प्रेम आणि घटनात्मक कामगिरी हे दोन स्वतंत्र रकाने असायला हवेत, ते यासाठीच.

पाटील यांच्या कारकिर्दीत सर्वाधिक चर्चा झाली ती खर्चाची. परदेश दौऱ्यांवर सुमारे २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचे २०१२ मध्ये माहिती अधिकारातून पुढे आले. दौरे सरकार ठरवते, ही गोष्ट मोजमापात धरायला हवी. सोबत किती माणसे न्यायची हा विवेक मात्र राष्ट्रपतींचाच. निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यात लष्कराची जमीन घेण्यावरून वाद झाला आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी ती नाकारली. या बाबी दुय्यम आहेत. खरे वजन दयेच्या अर्जांचे आहे.

कलाम यांच्या काळात बहुतेक अर्ज निर्णयाविना राहिले होते. पाटील यांनी ते हाती घेतले आणि तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यावर जोरदार टीका झाली. त्यांच्यानंतर प्रणव मुखर्जी आले. अर्ज फेटाळण्याचा सपाटा लागला, कसाब आणि अफझल गुरू यांना फाशी झाली. दोघेही काँग्रेसचे आणि सरकारही तेच, तेव्हा या फरकाचे कारण पक्षात सापडत नाही. मात्र ३१ जुलै २०१२ रोजी गृहमंत्रालय चिदंबरम यांच्याकडून सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे गेले होते, आणि अर्जांवरचा सल्ला तिथूनच येतो. फायलींवर कोणी काय लिहिले ते उघड झाल्याखेरीज दयेचे किंवा कठोरपणाचे पूर्ण गुण राष्ट्रपतींच्या नावावर लिहिणे घाईचे आहे.

विलंबाचे तसे नाही. तो तारखांवरून मोजता येतो. राजीव गांधी हत्याप्रकरणातील तिघांचे दयेचे अर्ज २००० सालचे. पाटील यांनी ते ऑगस्ट २०११ मध्ये फेटाळले, आणि ११ वर्षांच्या विलंबामुळे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये तिघांची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. त्या ११ वर्षांत नारायणन, कलाम आणि पाटील अशा तिघांच्या कारकिर्दी येतात, शिवाय वाजपेयी आणि मनमोहन सिंग या दोघांची सरकारेही. विलंबाचे वजा गुण या सर्वांत वाटून द्यावे लागतील.