दात, देश आणि दर
संपूर्ण दंतरोपणाचा खर्च अमेरिकेत वेगळा आणि पुण्यात वेगळा का?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सेवानिवृत्तांना अनेकदा शब्दशः अनुभवावी लागते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते त्याच सुमारास दात साथ सोडू लागतात. कवळी नकोशी वाटते आणि दंतवैद्य ‘फुल माउथ इम्प्लांट’चा पर्याय पुढे ठेवतात. त्यासाठी सांगितली जाणारी रक्कम मात्र शहरागणिक आणि देशागणिक इतकी बदलते की रुग्ण गोंधळून जातो. एकाच उपचाराला कुठे पाच लाख आणि कुठे पन्नास लाख रुपये पडतात. हा फरक नेमका कशाचा असतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणता दर स्वस्त आणि कोणता महाग, हे ठरवता येत नाही.

उपचार काय असतो?

स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशावरील प्रयोगांत टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होत असल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. आजचे दंतरोपण याच तत्त्वावर उभे आहे. जबड्याच्या हाडात स्क्रू, त्यावर जोडभाग आणि त्यावर कृत्रिम दात अशी ही रचना असते.

संपूर्ण मुखाचे रोपण म्हणजे अठ्ठावीस दातांसाठी अठ्ठावीस स्क्रू नव्हेत. एका जबड्यात साधारणतः चार ते आठ स्क्रू बसवून त्यांवर दातांची अखंड कमान घट्ट बसवली जाते. पोर्तुगालचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी रूढ केलेल्या ‘ऑल-ऑन-फोर’ पद्धतीत मागचे दोन स्क्रू तिरके बसवतात. त्यामुळे हाड कमी असले तरी बऱ्याच रुग्णांत चार स्क्रूंवर काम भागते.

देशोदेशीचे आकडे

दोन्ही जबड्यांसाठी अमेरिकेत साधारणतः ४० ते ६० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ३५ ते ५० लाख रुपये सांगितले जातात. ब्रिटनमधील खासगी दवाखान्यांत हा खर्च ३० ते ४५ लाख रुपयांच्या घरात जातो. अमेरिकी रुग्ण ज्या देशाची वाट धरतात त्या मेक्सिकोत तो १४ ते २२ लाखांपर्यंत, तर युरोपीय रुग्णांच्या पसंतीच्या हंगेरीत १२ ते २० लाखांपर्यंत असतो. तुर्कस्तानात ६ ते १२ लाखांत हे काम होते. भारतातील मोठ्या शहरांत ४ ते ८ लाख रुपयांत दोन्ही जबड्यांचे काम होऊ शकते. नामांकित परदेशी बनावटीचे स्क्रू आणि झिरकोनियाची कमान घेतल्यास रक्कम त्याहून वर जाते. हे सर्व आकडे ढोबळ आहेत. एकाच शहरातील दोन दवाखान्यांच्या दरांतही मोठी तफावत असते.

फरक कशामुळे?

स्क्रूची किंमत हे या तफावतीचे मुख्य कारण नाही. स्वित्झर्लंडमधील कंपन्यांचे स्क्रू महाग आणि दक्षिण कोरियातील कंपन्यांचे तुलनेने स्वस्त असले, तरी हे दोन्ही प्रकार जगभर विकले जातात. अमेरिकी दंतवैद्यही कोरियन स्क्रू वापरतात आणि पुण्यातही स्विस स्क्रू मिळतात. खरा फरक पडतो तो माणसांच्या कामाच्या मोलात. शल्यचिकित्सकाचे मानधन, साहाय्यकांचे पगार, जागेचे भाडे, व्यवसायविमा आणि दात घडवणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची मजुरी हा खर्च प्रत्येक देशात वेगळा असतो. शिवाय, शिक्षणासाठी कर्ज काढणारा अमेरिकी दंतवैद्य पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असते. त्याची वसुली अखेर रुग्णाच्या बिलातूनच होते.

त्यामुळे कमी दर म्हणजे हलका दर्जा, असे सरसकट म्हणता येत नाही. तसेच जास्त दर म्हणजे हमखास यश, असेही नाही.

विमा कुठे कामी येतो?

बहुतेक देशांत हा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेच्या मूळ तरतुदींत नेहमीचे दंतोपचार येत नाहीत. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा अपवादात्मक वैद्यकीय कारण असेल तरच रोपण करते. जर्मनीत सरकारी विमा वरच्या दातांसाठी ठरावीक अनुदान देतो. खालच्या स्क्रूचा खर्च सहसा रुग्णाकडेच राहतो. दक्षिण कोरियाने ६५ वर्षांवरील नागरिकांना २०१६ पासून राष्ट्रीय विम्याचा लाभ दिला, परंतु तो आयुष्यात दोन रोपणांपुरताच आहे. भारतातील बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत अपघाताखेरीज अन्य कारणाने करावे लागणारे दंतोपचार वगळलेले असतात.

तिकीट काढण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे मायदेशी येतात तेव्हा दातांचे काम उरकून घेतात. केवळ बेरीज केली तर त्यात फायदा दिसतो. भारतात उपचारांवर सात लाख आणि प्रवासावर तीन लाख खर्च झाले, तरी अमेरिकेतील खर्चाच्या तृतीयांशाहून कमी पैशांत काम होते. अडचण येते ती वेळेची. स्क्रू आणि हाड एकजीव होण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिरातींत मिळणारी कमान बहुतेक वेळा अॅक्रिलिकची आणि तात्पुरती असते. पक्क्या कमानीसाठी काही महिन्यांनी दुसरी फेरी करावी लागते. या दुसऱ्या कमानीची किंमत पहिल्या दरात धरली आहे का, हे अनेकांना उशिरा कळते.

हाड झिजलेले असेल तर हाड भरण्याची शस्त्रक्रिया, वरच्या जबड्यातील पोकळीचा तळ उचलणे, उरलेले दात काढणे, त्रिमिती स्कॅन यांचा खर्चही वेगळा लावला जाऊ शकतो. आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान आणि हिरड्यांची अस्वच्छता यांमुळे रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक रोपणे टिकून राहतात, असे सर्वसाधारण चित्र आहे. मात्र ज्याचे रोपण निकामी होते, त्याच्या दृष्टीने ही टक्केवारी निरर्थक ठरते. दवाखाना सातासमुद्रापार असेल तर दुरुस्तीसाठी जायचे कोणी आणि त्याचे भाडे भरायचे कोणी, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार भारतातील सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. परंतु न्यू जर्सीत बसून पुण्यातील दाव्याचा पाठपुरावा करणे सोपे नाही.

मधला मार्ग

ज्यांना पाच लाखही परवडत नाहीत, त्यांच्यापुढे केवळ साधी कवळीच उरते असे नाही. खालच्या जबड्यात फक्त दोन स्क्रू बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवता येते. सर्व दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, अशी भूमिका कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी घेतली होती. खालची कवळी हलते, ही कवळी वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार असते. ती या पद्धतीने बरीचशी दूर होते आणि खर्च संपूर्ण रोपणाच्या तुलनेत कितीतरी कमी येतो. सरकारी व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांतही दर खासगीपेक्षा कमी असतात. तेथे वेळ मात्र अधिक द्यावा लागतो.

लेखी घ्यावे असे

देश कोणताही असो, होकार देण्यापूर्वी रुग्णाने काही गोष्टी लेखी मागाव्यात. एका जबड्यात किती स्क्रू बसणार, ते कोणत्या कंपनीचे, तात्पुरती आणि पक्की अशा दोन्ही कमानी दरात आहेत का, पक्की कमान कशाची, रोपण निकामी झाल्यास ते पुन्हा कोणाच्या खर्चाने बसवणार, हे त्यात असावे. स्क्रूची बनावट, माप आणि क्रमांक नोंदवलेले कार्ड जपून ठेवावे. प्रत्येक कंपनीचे जोडभाग आणि पेचकस वेगळे असतात. कार्ड नसेल तर दुसऱ्या गावचा दंतवैद्य सैल झालेला साधा स्क्रूही सहजी घट्ट करू शकत नाही.

एवढी उत्तरे हाती आली की दोन देशांच्या दरांची तुलना करता येते. ती नसताना केलेली तुलना केवळ आकड्यांची असते आणि त्या आकड्यांवर कित्येकदा आयुष्यभराची पुंजी पणाला लागते.